ऊबदार स्टिअरिंग आणि ज्यूलचा नियम
बर्फाळ देशांतील हौशी मंडळी जुन्या मोटारीच्या स्टिअरिंगवर तापणारी तार बसवतात. येथे बॅटरीचा इतिहास आडवा येतो. 1912 मध्ये कॅडिलॅक मोटारीत केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर आला आणि बॅटरीचे स्थान पक्के झाले. पुढे 6 व्होल्ट रूढ झाले. 1950 च्या दशकात अमेरिकी गाड्या 12 व्होल्टवर गेल्या.

आता 12 व्होल्टसाठी केलेली 2 ओहमची तार घ्या. प्रवाह 6 अँपिअर, उष्णता 72 वॉट. तीच तार 6 व्होल्टला जोडली, तर प्रवाह निम्मा, ऊब मात्र पाव: 18 वॉट! उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे ज्यूल यांनी 1841 मध्येच मांडले होते.

मग अर्धा ओहमची तार लावावी? ऊब मिळेल, पण प्रवाह 12 अँपिअर होईल. गाडीच्या जुन्या वायरींत चौपट उष्णता निर्माण होईल. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.