उभी तार, आडवी तार

आमच्या बेळगावच्या घराच्या गच्चीवर एक उंच बांबू उभा आहे. दिवाळीत त्याला आकाशकंदील लागतो; एरवी वर्षभर त्यावरून तांब्याची एक तार परसातल्या फणसापर्यंत जाते. ‘कपडे वाळत घालायला इतक्या उंच दोरी कशाला?’ असे शेजारच्या काकूंनी एकदा विचारले होते. ती माझ्या हौशी रेडिओ केंद्राची एरियल. एरियल उभी असावी की आडवी, हा आम्हा हौशी लोकांचा जुना वाद. त्याचा इतिहास शंभर वर्षांहून मोठा आहे आणि त्याचा एक धागा पुण्याजवळून जातो.

आरंभी मान उभ्या तारेचा होता. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला सुमारे ५०० फूट तार बांधून आकाशात सोडली आणि इंग्लंडमधल्या पोल्ढू केंद्राचे तीन टिंबांचे ‘एस’ अक्षर ऐकल्याचे जाहीर केले. तेव्हा लांब लहरींचे राज्य होते. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर व त्याखालच्या लहरी दिल्या, कारण त्या कुचकामी समजल्या जात.

या ‘कुचकाम्या’ लहरींचे मोल हौशींनीच दाखवले. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसनला तंबू ठोकून बसला. त्याची ग्राहक एरियल आडवी होती : सुमारे १३०० फूट लांब आणि जमिनीपासून जेमतेम १२ फूट उंच. बेव्हरेज या अभियंत्याच्या नावाने ती ओळखली जाते. गंमत अशी की, तिला विजेची चांगली वाहक जमीन नकोच असते. कोरड्या, खडकाळ जमिनीवरून येणारी लहर किंचित पुढे कलते आणि तिचा तो कललेला अंश आडव्या तारेवर उमटतो. गॉडलीने दोन डझनांहून अधिक अमेरिकन हौशी केंद्रे ऐकली.

मग डाव पुन्हा उलटला. मार्कोनी आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनी आखूड लहरींसाठी उभ्या तारांचे पडदेच उभारले. एकटी उभी तार चहूकडे सारखीच बोलते. पण अशा अनेक तारा ओळीने टांगल्या आणि मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा ठेवला, की सगळी शक्ती एकाच दिशेला झोताप्रमाणे जाते. याच ‘बीम’ पद्धतीने १९२७ मध्ये भारत थेट इंग्लंडशी जोडला गेला. प्रक्षेपण खडकीहून होई, ग्रहण दौंडला. या स्वस्त, वेगवान सेवेने समुद्राखालच्या केबल कंपन्या इतक्या हादरल्या की, १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील केबल आणि बिनतारी व्यवसाय एकत्र करावे लागले.

खडकी-दौंडची ही गोष्ट मला सांगितली ती आमच्या गल्लीतल्या, सैन्याच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त झालेल्या काकांनी. मोर्स मला त्यांनीच शिकवले. पुढे ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले. रोज सकाळी आठ वाजता ४० मीटरवर आमच्या गप्पा होत.

ती गोष्ट ऐकून माझ्या डोक्यात उभी तार शिरली. फणसावरची तार काढून मी परसात दहा मीटरची उभी एरियल रोवली, मुळांसारख्या तारा जमिनीवर पसरल्या. रात्री ब्राझील ऐकू आले. मी हरखून गेलो. सकाळी मात्र काकांचा आवाज खरखरीत बुडालेला. चार दिवसांनी त्यांचे पत्र आले : “अरे, तू ब्राझीलला पोचलास, पण पुण्याला हरवलास. तार आडवी कर.”

कारण साधे आहे. उभी तार क्षितिजालगत बोलते. तिची लहर दूरवर उतरते आणि तीनशे किलोमीटरवरचा माणूस मधल्या पट्ट्यात राहून जातो. घराइतक्याच उंचीवरची आडवी तार आपली शक्ती सरळ वर फेकते आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून ती आसपासच्या मुलखावर पावसासारखी परतते. आडवी तार दूर न्यायची, तर ती अर्ध्या लहरीइतकी, म्हणजे ४० मीटरसाठी वीस मीटर उंच हवी. आणि उभ्या तारेला खाली ओलसर, वाहक जमीन हवी. कारवारच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यालगत जी तार गाते, तीच आमच्या जांभ्यावर धापा टाकते.

तेव्हा श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच अपुरा आहे. पायाखाली जमीन कोणती आणि बोलायचे कोणाशी, हे आधी विचारावे. मी तार पुन्हा फणसावर चढवली. काकांशी आणखी तीन वर्षे बोलता आले. आता सकाळी आठला पुण्याहून कोणी हाक मारत नाही. तरी तार मी आडवीच ठेवली आहे.