वाफ
पुण्यात गणेशचतुर्थीला मोदकपात्राच्या झाकणाखाली कोंडणाऱ्या ‘वाफे’चे मूळ संस्कृत ‘बाष्प’ या शब्दात असून, त्या एकाच शब्दात तापलेल्या पाण्याची वाफ आणि डोळ्यांतील अश्रू हे दोन्ही अर्थ सामावलेले होते. प्राकृताने ते वेगळे केले: बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्राने अश्रूसाठी ‘बाह’ आणि उष्म्यासाठी ‘बप्फ’ अशी रूपे नोंदवली असून, ‘बप्फ’च्याच घराण्यात, जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होत, मराठी ‘वाफ’ घडली, अर्थाची इतकी नाजूक वाटणी विरळाच. केळीच्या पानावरील मोदकाची पारी, म्हणजे सारणावरचे तांदळाच्या उकडीचे आवरण, याच वाफेने तुकतुकीत होते. नायजेरियातील योरुबा लोकही चवळीच्या वाटणाचे ‘मोइन मोइन’ पानांत बांधून असेच वाफवतात.