परदेशी निघालेले दप्तर

गेल्या संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू आटोपले. वाण लुटून झाले, तिळगुळाचे डबे रिकामे झाले, आणि नेहमीप्रमाणे आम्ही चारपाच जणी सतरंज्या गोळा करण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळलो. आमच्यातील एक भगिनी त्या दिवशी सबंध दुपार गप्प होती. विचारले तेव्हा म्हणाली, "जावयांना कंपनी दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवते आहे. सगळेच जायचे म्हणतात. धाकटा तिसरीत, थोरली सातवीत. मुलांच्या शाळेचं काय व्हायचं हो? दोन वर्षांनी परत येतील ती धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत, असं नको व्हायला."

एक जण म्हणाली, "मुलं ती, शिकतील भराभर!" दुसरी म्हणाली, "थोरलीला तुझ्याकडेच ठेवून घे की." दोन्ही सल्ले प्रेमाचेच होते, पण त्या माउलीच्या चेहऱ्यावरची चिंता काही हटली नाही. घरी आल्यावर माझ्या मनात आले, हा प्रश्न आजचा थोडाच आहे? गेली दीडशे वर्षे तो आईबापांपुढे उभा आहे. त्यांनी काय केले आणि त्याचे फळ काय मिळाले, हे पाहिले तर आपल्याला काही वाट दिसेल. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा हाच विषय घेण्याचे ठरवले.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. इंग्रजांचे राज्य असताना येथे आलेली साहेबांची कुटुंबे ही एका अर्थी तात्पुरती परदेशी आलेली कुटुंबेच होती. मुलांचे शिक्षण बिघडू नये म्हणून त्यांनी जो उपाय काढला, तो ऐकून अंगावर काटा येतो. मूल पाचसहा वर्षांचे झाले की त्याला बोटीत बसवायचे आणि विलायतेत कोणा परक्याच्या घरी ठेवायचे! रुडयार्ड किपलिंग हा पुढे जगप्रसिद्ध झालेला लेखक १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. घरी आया आणि गडीमाणसे. पोराच्या तोंडी इंग्रजीच्या आधी इकडचीच बोली बसली होती. १८७१ साली, सहा वर्षेही पुरी झालेली नसताना, त्याला आणि तीन वर्षांच्या धाकट्या बहिणीला आईबापांनी इंग्लंडात साउथसी येथे एका बिऱ्हाडी ठेवले. ते घर त्यांना वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून मिळाले होते. मुलांना धड काही न सांगता आईबाप हिंदुस्थानात परतले. पुढे सुमारे सहा वर्षे त्या घरात मुलाला मार आणि जाच सोसावा लागला. त्याची दृष्टी अधू होत चालली होती, त्यामुळे अभ्यासही मागे पडला; पण त्याला दिसत नाही हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. १८७७ साली आई आली तेव्हा कोठे सुटका झाली.

ह्याच किपलिंगने आत्मचरित्रात एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. १८८२ साली तो पुन्हा मुंबईच्या बंदरात उतरला. येथील दृश्ये आणि वास ह्यांच्या संगतीने त्याच्या तोंडून आपोआप देशी बोलीतील वाक्ये बाहेर पडू लागली. पण त्यांचा अर्थ मात्र त्याला कळेना! भगिनींनो, जिभेवर भाषा राहिली आणि मनातून अर्थ गेला, अशी ती अवस्था. शाळा सांभाळण्यासाठी मुलाला दूर केले, तर काय काय हातचे जाते हे सांगायला ह्याहून बोलका दाखला नको.

सगळ्याच आयांनी असे केले नाही. शार्लट मेसन नावाच्या एका इंग्रज शिक्षिकेने १८९१ साली घरी शिकणाऱ्या मुलांसाठी टपालाची शाळा काढली. दर सत्राला अभ्यासाचा कार्यक्रम टपालाने घरी येई: कोणती पुस्तके, किती पाने, कोणते विषय. आईने किंवा शिक्षिकेने शिकवायचे, सत्राच्या शेवटी प्रश्नपत्रिका येई, आणि उत्तरे तपासण्यासाठी परत पाठवायची. दूरदेशी राहणाऱ्या कित्येक कुटुंबांना तिचा आधार झाला. अमेरिकेतही बाल्टिमोरच्या कॅल्व्हर्ट शाळेने १९०६ साली असेच घरपोच पाठ सुरू केले. मेसनबाईंची एक रीत मला फार आवडते. मुलाने धडा एकदाच लक्ष देऊन वाचायचा आणि मग पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत सांगायचा. ह्याला पैसा लागत नाही, फक्त ऐकणारे माणूस लागते.

आता आपल्या घरची गोष्ट. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. पती निवर्तलेले, देश परका, आणि स्वतः शिकायचे आणि शिकवायचेही होते. मनोरमेला वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमाचा आधार मिळाला. रमाबाई त्या उपकारांची जाण ठेवून होत्या. पण मुलीला काय शिकवावे आणि कोणी शिकवावे, ह्याचा अखेरचा शब्द आईचा, हे त्यांनी आश्रमातील वडीलधाऱ्यांना पत्रांतून स्पष्ट बजावले. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई मुलीसह फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे मनोरमा इंग्लंडला परत गेली आणि रमाबाई अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली आणि आपल्याकडील शाळांसाठी पाठ्यपुस्तकेही तयार केली. अंग परदेशात, पण डोळ्यांपुढे परतल्यावरची शाळा! १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा ही शिदोरी कामी आली. मनोरमाही पुढे मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली आणि १९२१ साली मृत्यू येईपर्यंत आईच्या कार्यात राबली. आईपासून दुरावण्याचे दुःख त्या मुलीच्याही वाट्याला आले, हे विसरून चालणार नाही. पण आपल्याला कोठे परत जायचे आहे हे त्या घरात कधी धूसर झाले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाची कचेरी आली. नाना देशांचे अधिकारी मुलाबाळांसह तेथे राहू लागले आणि तोच प्रश्न पुन्हा निघाला. कोणी दोन वर्षांनी जाणार, कोणी पाच. मुलांनी शिकावे कोणत्या शाळेत आणि कोणत्या भाषेत? अखेर ह्या अधिकाऱ्यांनी शिक्षणतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ फेरिएर ह्यांच्या साह्याने १९२४ साली स्वतःच 'आंतरराष्ट्रीय शाळा' काढली. सुरुवात किती लहान पाहा! फेरिएर कुटुंबाच्या जागेतील एक लाकडी घर आणि आठच मुले. इंग्रजी आणि फ्रेंच ह्या दोन भाषांत कारभार चाले. १९२९ ते १९४९ पर्यंत मारी-तेरेझ मोरेत ह्या बाईंनी ती शाळा चालवली. निरनिराळ्या देशांची मुले एकाच बाकावर बसत, तेव्हा इतिहास कोणाचा शिकवावा? बाईंनी तो साऱ्या जगाचा शिकवला.

ह्याच शाळेत १९२६ साली आठ वर्षांची एक हिंदी मुलगी दाखल झाली. ती म्हणजे इंदिरा नेहरू. आई कमलाबाईंना क्षयाच्या उपचारांसाठी स्वित्झर्लंडला न्यावे लागले, आणि जवाहरलाल पत्नी व मुलीला घेऊन मार्च महिन्यात मुंबईहून बोटीने निघाले. थोड्या महिन्यांचा बेत लांबत लांबत पावणेदोन वर्षांचा झाला. तात्पुरते जाणे असेच असते. परतीची तारीख आपल्या हातात क्वचितच राहते.

१९२७ च्या डिसेंबरात ते परतले, आणि पुढच्या उन्हाळ्यात मुलगी मसुरीला असताना वडिलांनी तिला पृथ्वी कशी झाली, माणूस कोठून आला, भाषा कशा निपजल्या, हे पत्रांतून सांगावयास आरंभ केला. १९२९ साली ती पत्रे पुस्तकरूपाने निघाली, आणि पुढे खुद्द प्रेमचंदांनी त्यांचा हिंदी अनुवाद केला. १९३० ते १९३३ ह्या काळात तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत तर जगाचा सबंध इतिहासच आला. मधल्या काळात, १९३१ पासून, ही मुलगी आपल्या पुण्यात वकील दांपत्याच्या शाळेत राहून शिकत होती, आणि १९३४ साली ती येथूनच मॅट्रिक झाली. तेथून शांतिनिकेतन, मग आईच्या आजारपणासाठी पुन्हा युरोप, १९३६ च्या फेब्रुवारीत लोझान येथे आईचा वियोग, मग ब्रिस्टल आणि ऑक्सफर्ड. इतिहासात तिची गती उत्तम होती. अडले कोठे? लॅटिनमध्ये! प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेस ती लॅटिनमुळेच नापास झाली, आणि पुढेही तो सक्तीचा विषय तिला छळतच राहिला. लॅटिनचा पाया लहानपणापासून वर्षानुवर्षे घालावा लागतो. दर दोन वर्षांनी शाळा बदलणाऱ्या मुलीला तो कोण घालणार?

ह्या गोष्टीत मला फार मोठा बोध दिसतो. फिरत्या मुलांचे शिक्षण सगळीकडून सारखे झिजत नाही. गोष्टीवेल्हाळ विषय घरच्या पत्रांनी, पुस्तकांनी, बोलण्याने तगतात, नव्हे बहरतात. झिजतो तो पायरीपायरीने चढायचा विषय: भाषेचे लेखन आणि गणित. म्हणून परतल्यावर जो विषय चुकवता येणार नाही, तो कोणता हे निघण्यापूर्वीच ओळखावे.

जिनिव्हाच्या शाळेलाही ही अडचण जाचत होतीच. एक मुलगा फ्रान्सच्या परीक्षेला बसणार, दुसरा इंग्लंडच्या, तिसरा अमेरिकेच्या; वरच्या वर्गांच्या चिरफाळ्या होत. त्यातून १९६८ साली 'आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट' नावाची, अनेक देशांतील विद्यापीठांनी मानावी अशी परीक्षा जन्मली. आखातात गेलेल्या आपल्या लोकांनी दुसरी वाट काढली. त्यांनी तेथेच भारतीय शाळा उभारल्या. बहारीनला १९५० साली, कुवेतला १९५९ साली आणि दुबईला १९६१ साली. आज अशा अनेक शाळांतून दिल्लीच्या केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम चालतो. नोकरी संपली, तर मूल त्याच पुस्तकाचे पुढचे पान भारतात उघडू शकते.

जर्मनीला निघालेल्या आमच्या भगिनीच्या लेकीपुढे मात्र ही सोय प्रत्येक गावी असेल असे नाही. तेथे मुलांनी शाळेत जाणे कायद्याने सक्तीचे आहे. घरी शिकवतो म्हणून चालत नाही. चौथीनंतर, काही प्रांतांत सहावीनंतर, मुलांची निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. वर्षही आपल्यासारखे जूनमध्ये नव्हे, उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होते. आपण दशांशाला टिंब देतो, तेथे स्वल्पविराम देतात! इकडे परतल्यावर मराठी समोर उभी. कारण महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने कोणत्याही बोर्डाच्या शाळेत दहावीपर्यंत मराठी शिकणे बंधनकारक झाले आहे. आमच्या नाती-नातवंडांचे 'लॅटिन' बहुधा हेच ठरायचे.

म्हणून त्या रात्री मी तिला फोन केला आणि मला सुचले ते सांगितले. मुलीला मागे ठेवू नका. सगळी एकत्र जा. शाळा सोडल्याचे दाखले आणि प्रगतिपुस्तके यांच्या प्रती बरोबर न्या, आणि येताना तिकडच्याही तशाच आणा. बालभारतीची पुस्तके आता संगणकावर उतरवून घेता येतात. मराठी आणि गणित एवढी दोनच घ्या, सगळ्या विषयांचे ओझे मुलांवर नको, कारण दिवसभर परक्या भाषेत शिकून ती आधीच दमलेली असतील. आणि तुमचे काम म्हणजे दर रविवारी फोनवर नातवंडांकडून एक धडा ऐकायचा. त्यांनी पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचा, आणि महिन्यातून एकदा कागदावर चार ओळींचे पत्र आजीला लिहायचे.

ती म्हणाली, "अहो, मी सातवी पास. मी काय शिकवणार?"

मी म्हटले, "शिकवायचं नाहीच मुळी. फक्त ऐकायचं."

जूनमध्ये ती मंडळी गेली. परवा ही आमची भगिनी भजनाच्या वर्गाला आली ती पिशवीत एक लिफाफा घेऊनच. नातवाचे पहिले पत्र होते. तीन ओळी, दोन ठिकाणी वेलांटी चुकलेली, आणि 'बर्फ' ह्या शब्दातला रफार भलत्याच अक्षरावर. आम्ही सगळ्यांनी ते पत्र हातोहात वाचले. तिने मात्र पर्समधून लाल पेन काढले, पुन्हा आत ठेवले, आणि म्हणाली, "पत्रावर नको. रविवारी त्याच्याकडूनच वाचून घेते, म्हणजे त्याचं त्यालाच दिसेल."

शार्लट मेसनबाई हे ऐकत्या तर खचित मान डोलावत्या.