मुंबईंतील पहिल्या कन्याशाळांचे बिनपगारी शिक्षक

मुंबई इलाख्यांतील स्त्रीशिक्षणाची हकीकत आजवर बहुधा दात्यांच्या नांवांवरून सांगितली गेली आहे. हें स्वाभाविकच आहे. गिरगांवांतील कन्याशाळा जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवानें ओळखली जाते. पारशी मुलींच्या शाळांचा विषय निघाला म्हणजे कामा घराण्याचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाहीं. परंतु दात्यांची रक्कम येण्यापूर्वीं या शाळा सुरू झालेल्या होत्या, आणि त्या कांहीं तरुणांनीं एक पैही न घेतां शिकवून चालविल्या होत्या, ही गोष्ट मात्र इतिहासकार एका वाक्यांत उरकून पुढें जातात. हे तरुण कोण, ते या कामास कसे मिळाले आणि त्यांचें काम त्यांच्याच हातून फार काळ कां चालूं शकलें नाहीं, याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम काळ ध्यानांत घेतला पाहिजे. इलाख्याच्या शिक्षणाचा कारभार १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या हातीं होता. सर अर्स्किन पेरी अध्यक्ष असतां बोर्डांत मुख्य वाद चालला तो शिक्षण इंग्रजींतून द्यावें कीं देशी भाषांतून, हा. आणि त्यांत नाना शंकरशेट हे देशी भाषांचा पक्ष घेऊन उभे होते. मुली या वादांत कोणत्याच पक्षाला आठवल्या नाहींत. मुलींच्या शाळांना हात लावणें म्हणजे लोकांच्या घरगुती रीतिरिवाजांत ढवळाढवळ करणें, अशी सरकारची समजूत होती. मुलींसाठीं शाळा होत्या त्या मिशनऱ्यांच्या. अमेरिकन मिशननें मुंबईंत १८२४ सालींच अशी शाळा काढली होती, आणि १८२९ सालीं आलेल्या मार्गरेट विल्सन यांनीं तें काम मोठ्या नेटानें वाढविलें. त्यांच्या श्रमांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. पण १८३९ सालीं दोन पारशी तरुणांनीं डॉ. विल्सन यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला, आणि १८४३ सालीं श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण मुलाला जातींत परत घेण्यावरून मोठें रण माजलें; त्यांत बाळशास्त्री जांभेकरांना शुद्धीच्या बाजूनें उभे राहिल्याबद्दल स्वजातीयांचा रोष सोसावा लागला. खुद्द दादाभाई नौरोजी यांना विलायतेस कायदा शिकण्यास पाठवावें व निम्मा खर्च आपण द्यावा असें पेरीसाहेबांनीं सुचविलें असतां तो बेत धर्मांतराच्या भीतीनेंच फिसकटला. मुलग्याच्या बाबतींत ही अवस्था. मग मुलीला मिशनच्या शाळेंत घालण्याची गोष्ट प्रतिष्ठित घरांत कोण ऐकून घेणार? सरकार पुढें येत नव्हतें, मिशनऱ्यांवर विश्वास नव्हता, आणि पंतोजी बोलावून मुलीला शिकविण्याची चाल क्वचित् एखाद्या श्रीमंत घरांतच होती. शाळा निघायची तर ती आपल्याच माणसांनीं काढावयास हवी होती.

ती माणसें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून आलीं. १८४८ सालीं तेथील प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें आजी व माजी विद्यार्थ्यांनीं 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही सभा स्थापन केली. तिच्याच अंगानें गुजराती व मराठी अशा दोन ज्ञानप्रसारक सभा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग हे होते, आणि १८५० पासून तिचें 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक निघूं लागलें. या सभांचें काम म्हणजे निबंध वाचणें व त्यावर चर्चा करणें. १८४९ सालीं बेहरामजी गांधी या तरुणानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. असे निबंध त्या काळीं पुष्कळ वाचले जात. त्यांची स्तुति होई आणि श्रोते घरीं जात. या वेळीं मात्र तसें झालें नाहीं. सभासदांनीं स्वतः शिक्षक होऊन शाळा उघडण्याचें ठरविलें, आणि त्याच वर्षीं सात शाळा सुरू झाल्या: चार पारशी मुलींच्या व तीन मराठी मुलींच्या. पारशी मुली चव्वेचाळीस जमल्या, हिंदु मुली चोवीस.

हा आंकडा वाचकांनीं जरा थांबून पाहावा. अडुसष्ट मुली व सात शाळा. म्हणजे दर शाळेला सरासरी नऊ-दहा मुली. आजच्या दृष्टीनें ही शाळाच नव्हे, घरगुती शिकवणी होय. पण नऊ मुलींच्या शाळेलाही जागा लागते, पाट्या लागतात आणि रोज ठरल्या वेळीं येणारा शिक्षक लागतो. मोठी शाळा एका दात्यावर चालूं शकते. सात लहान शाळा चालविण्यास माणसें पुष्कळ लागतात. त्याच १८४९ सालीं कलकत्त्यास बेथूनसाहेबांनीं काढलेली कन्याशाळा या दृष्टीनें तुलना करण्यासारखी आहे. ती एकवीस मुलींवर सुरू झाली. तिचा संस्थापक गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद होता. खर्च त्याच्या पदरचा, आणि १८५१ सालीं तो वारल्यावर शाळेचा भार लॉर्ड डलहौसी यांनीं उचलला. मुंबईच्या शाळांमागें असा कोणी अधिकारी नव्हता. त्यांचें भांडवल म्हणजे कांहीं विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या सकाळच्या वेळा.

सकाळची वेळ धरण्याचें कारण उघड आहे. हे तरुण दिवसा स्वतः कॉलेजांत शिकत किंवा शिकवीत. कांहीं नोकरीवर होते. कॉलेज वा कचेरी उघडण्यापूर्वींचे तास तेवढे त्यांच्या मालकीचे होते, आणि तेच त्यांनीं दिले. परंतु शिकविण्याहूनही अवघड काम निराळें होतें, तें म्हणजे मुली मिळविणें. दादाभाईंनीं उतारवयांत लिहिलेल्या आठवणींत याचें मोठें बोलकें वर्णन आहे. ते व त्यांचे सोबती घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करीत, तुमच्या ओटीवर बसून शिकवूं द्या म्हणून विनवीत. कांहींनीं त्यांना आनंदानें घरांत घेतलें. कांहींनीं जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली. यांत धमकी देणाऱ्यांना केवळ अडाणी म्हणून सोडून देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. दारांत उभे असलेले लोक विशीं-पंचविशींतले तरुण होते, आणि ते परक्या घरांतील मुलींना शिकविण्याची परवानगी मागत होते. बापाचा संशय त्या काळच्या रीतीस धरूनच होता. तो फिटण्यास एकच उपाय होता, आणि तो म्हणजे शिकविणारा मनुष्य महिनोन् महिने नियमानें येऊन त्याच ओटीवर सर्वांच्या देखत बसलेला दिसणें. पगारी पंतोजीला हा विश्वास मिळविण्याची गरज नव्हती आणि सवडही नव्हती.

आतां हे तरुण या कामास कां लागले, याविषयीं आमचें मत थोडें निराळें आहे. सामान्यतः इंग्रजी विद्येनें आलेली सुधारणेची हौस हें कारण सांगतात. तें खरेंच आहे, पण पुरेसें नाहीं. हौस असलेले पुष्कळ होते. सकाळीं उठून जाणारे थोडे. दादाभाई चार वर्षांचे असतांना त्यांचे वडील वारले. आई माणेकबाई यांनीं त्यांना वाढविलें. त्यांना शिकतां आलें तें नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची शाळा त्या वेळीं मोफत होती म्हणून. फी असती तर आईला तें झेपलें नसतें, असें त्यांनीं स्वतः नमूद केलें आहे. जें आपणांस फुकट मिळालें तें लोकांचें आहे व तें लोकांना परत केलें पाहिजे, हा त्यांचा निश्चय त्या अनुभवांतून झालेला होता. दुसरें कारण सभेच्या रचनेंत आहे. आठवड्यामागून आठवडा एकमेकांसमोर बसणाऱ्या मंडळींत ज्यानें भर सभेंत शिक्षक होण्याचें कबूल केलें त्याला पुढच्या बैठकींत तोंड दाखवावयाचें असे. वर्तमानपत्रांतील विनंतीला जो होकार मिळतो त्याहून असा होकार अधिक बळकट असतो. आमच्या मतें या शाळांना शिक्षक मिळाले ते मुख्यतः या दोन गोष्टींमुळें.

जागा व पैसा मागाहून कसे आले हेंही पाहण्यासारखें आहे. नाना शंकरशेट यांनीं गिरगांवांतील आपल्या आवारांत शाळेला जागा दिली. त्यांच्यासारख्या वजनदार गृहस्थाच्या आवारांत शाळा भरते म्हटल्यावर मराठी आईबापांचा धीर वाढला. खरशेदजी नसरवानजी कामा व त्यांचे आप्त यांनीं पारशी शाळांच्या खर्चाचा भार घेतला. १८५१ सालीं दादाभाईंनीं 'रास्त गोफ्तार' पत्र काढल्यावर सुधारणेच्या पक्षाला बोलण्यास एक जागा झाली. डॉ. भाऊ दाजी हे पुढें या सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. त्यांच्या नांवाचीही एक कन्याशाळा निघाली व तिच्यासाठीं त्यांच्या स्नेह्यांनीं निधि जमविला. ही सर्व औदार्याचीं उदाहरणें खरीं आहेत. तरी क्रम उलटा करून सांगणें हा इतिहास नव्हे. दात्यांनीं शाळा काढून शिक्षक नेमले असें झालें नाहीं. शिक्षक आधीं बसले, आणि शाळा चालते असें दिसल्यावर पैसा आला. 

या व्यवस्थेंतला दोष मात्र लवकरच दिसूं लागला. विद्यार्थ्याची सकाळ मोकळी असते ती तो विद्यार्थी असेपर्यंत. भाऊ दाजी १८५१ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडींतून उत्तीर्ण होऊन वैद्यकींत शिरले. दादाभाई एल्फिन्स्टनमध्यें गणिताचे प्रोफेसर झाले, आणि १८५५ सालीं कामा कंपनीच्या व्यापारासाठीं विलायतेस गेले. जे हुशार ते आधीं पांगले, कारण नोकऱ्या व धंदे त्यांनाच आधीं मिळाले. पारशी मुलींच्या शाळा त्याच दशकाच्या उत्तरार्धांत सोसायटीपासून वेगळ्या होऊन पारशी मंडळींच्या स्वतंत्र संस्थेकडे गेल्या. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें खाजगी शाळांना सरकारी मदत देण्याचें तत्त्व मान्य केलें व मुलींच्या शिक्षणाला उघड पाठिंबा दिला; त्यामुळें पगारी शिक्षक ठेवणें हळूहळू शक्य झालें. पांगापांगीचा हा अनुभव महाराष्ट्र पुढें विसरला नसावा. १८८४ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें आपल्या आजीव सभासदांकडून वीस वर्षांच्या सेवेचें वचन घेतलें व त्यांना निर्वाहापुरता पगार ठेवला. गोपाळराव गोखले यांनीं पंचाहत्तर रुपये दरमहावर तीं वर्षें पुरीं केलीं. पण ती मुलग्यांच्या शाळेची व कॉलेजची गोष्ट झाली.

मुलींच्या बाबतींत दुसरा मार्ग त्याच काळांत पुण्यास निघाला होता. जोतीराव फुले यांनीं १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. मुंबईचे तरुण दिवसांतले दोन तास देत होते. जोतीरावांनीं सारें घरच या कामांत घातलें, आणि त्यापायीं त्यांना १८४९ सालीं वडिलांचें घर सोडावें लागलें. मुंबईकरांना ओटीवर बसून ज्या संशयाशीं झगडावें लागलें त्यावर पुण्यांत सावित्रीबाई हेंच उत्तर होतें: शिकविणारी बाईच होती. म्हणून शिव्याशापही त्यांच्याच वांट्याला आले. मुलींसाठीं काढलेल्या शाळेंत आपण पत्नीसह अनेक वर्षें काम केलें, असें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें सांगितलें आहे. शाळेंतल्या मुक्ता नांवाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'ंत छापला गेला, तो या शिकवणीचा पुरावाच होय. येथेंही सोबत्यांचीं नांवें कशीं निसटतात तें पाहा. फातिमा या सहकारी शिक्षिकेचें नांव सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रांत एका ओळीपुरतें येतें. आजारपणामुळें आपण माहेरीं आहों, मागें सारा भार फातिमेवर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाहीं, एवढाच त्या ओळीचा आशय. ती ओळ लिहिली गेली नसती तर त्या बाईचें शिकविणें इतिहासाच्या दृष्टीनें झालेंच नसतें.

मुंबईस सावित्रीबाई निर्माण झाल्या नाहींत. मेरी कार्पेंटर या १८६६ सालीं हिंदुस्थानांत आल्या तेव्हां पहिल्या सात शाळांना सतरा वर्षें होऊन गेलीं होतीं. तरी त्यांनीं पाहिलेल्या कन्याशाळांत शिकविणारे बहुतेक पुरुषच होते. मुली दहाव्या-बाराव्या वर्षीं सासरीं जात, आणि शाळा त्यांना मुकत असे. त्यामुळें विद्यार्थिनींतून शिक्षिका तयार होण्याची वाटच बंद होती. स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करणारी शाळा सरकारनें काढावी, असा कार्पेंटरबाईंनीं आग्रह धरला, आणि पुण्यास १८७० च्या सुमारास स्त्रियांचें ट्रेनिंग कॉलेज निघालें. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या शिक्षिका पगारी होत्या.