पॉप्लर बरोच्या निवडणुका

पॉप्लर बरोच्या निवडणुका : पूर्व लंडनमध्ये, टेम्स नदीवरील गोद्यांच्या परिसरात वसलेल्या पॉप्लर, बो आणि ब्रॉम्ली या तीन वस्त्यांच्या नगरपालिकेचा निवडणूक-इतिहास. १८९९ च्या कायद्याने लंडनमधील जुनी पॅरिश-मंडळे मोडून अठ्ठावीस बरो निर्माण केले, व त्यांच्या पहिल्या निवडणुका नोव्हेंबर १९०० मध्ये झाल्या. दर तीन वर्षांनी संपूर्ण सभागृह नव्याने निवडावे आणि महापौर व आल्डरमन सभागृहानेच नेमावे, असा दंडक होता. पॅरिश-मंडळांवर १८९४ पासून बसू शकणाऱ्या स्त्रियांना याच कायद्याने नगरपालिकेचा दरवाजा बंद केला, तो १९०७ पर्यंत उघडला नाही. सुधारणेच्या नावाने झालेल्या कायद्यातील हे मोठेच वैगुण्य होय.

आरंभीच्या सभागृहांत मजुरांचे प्रतिनिधी अल्पसंख्य होते. तरीही बालपणी अनाथ-दरिद्र्यांच्या कार्यगृहाचा अनुभव घेतलेले विल क्रुक्स १९०१ मध्ये महापौर झाले, आणि १९०३ मध्ये जॉर्ज लॅन्सबरी निवडून आले. ज्या वस्तीत गोदीतले काम रोजच्या रोज मिळेल की नाही याची शाश्वती नसे, तिथे बेकारीच्या काळात सरकारी मदत घेतलेल्या माणसाचे नाव मतदारयादीतून कमी होई. म्हणजे ज्याला नगरपालिकेची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तिच्या कारभारात शब्द नसे. ही अपात्रता १९१८ च्या कायद्याने रद्द झाली, शिवाय तिशी ओलांडलेल्या बहुसंख्य विवाहित स्त्रियांना नगरपालिकेचे मत मिळाले. १९१९ च्या निवडणुकीत बेचाळीसपैकी एकोणचाळीस जागा मजूर पक्षाला मिळाल्या, त्याचे कारण केवळ युद्धोत्तर असंतोषात शोधणे अपुरे आहे; मतदारयादीच बदलली होती, हे ध्यानी घेतले पाहिजे.

नव्या सभागृहापुढील पेच घरपट्टीचा होता. प्रत्येक बरोने आपल्या गरिबांचा भार आपणच सोसावा, असा नियम असल्यामुळे श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्ये पौंडामागे एक पेनी पट्टीने जी रक्कम जमे तिचा अल्पांशच पॉप्लरमध्ये जमे, आणि बेकार मात्र पॉप्लरमध्येच अधिक. म्हणून १९२१ मध्ये नगरपालिकेने लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ व आश्रम मंडळ यांच्यासाठी पट्टी बसविण्याचे नाकारले. २९ जुलै रोजी सभासद दंडधाऱ्यासह मिरवणुकीने उच्च न्यायालयात गेले. पट्टी बसविण्याचा न्यायालयाचा हुकूम पाळला नाही म्हणून नगरसेवक व आल्डरमन मिळून तीसजण सप्टेंबरात तुरुंगात गेले. पुरुष ब्रिक्स्टनमध्ये, पाच स्त्रिया हॉलोवेत; त्यांपैकी नेली क्रेसॉल गर्भवती होत्या. ब्रिक्स्टनच्या तुरुंगातही नगरपालिकेच्या सभा भरविण्याची मुभा सभासदांनी मिळविली. १२ ऑक्टोबरला सुटका झाली, आणि लवकरच झालेल्या कायद्याने गरिबांच्या साहाय्याचा बराचसा बोजा साऱ्या लंडनवर वाटला गेला. कारावास भोगलेल्या मिनी लॅन्सबरी मात्र १ जानेवारी १९२२ रोजी निवर्तल्या.

मतदारांचा कौल १९२२ च्या नोव्हेंबरात मिळाला. त्या वर्षी अनेक बरोंत मजूर पक्ष हरला. पॉप्लरने आपली माणसे पुन्हा निवडून दिली. पुढील संघर्ष न्यायालयातला आहे : स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला किमान चार पौंड वेतन देण्याचा नगरपालिकेचा निर्णय १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बेकायदा ठरविला. निवडून आलेल्या सभागृहाचा स्वविवेक करदात्याच्या हिशेबापुढे दुय्यम मानणारा हा निवाडा प्रस्तुत लेखकाच्या मते न्याय्य नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात निवडणुका स्थगित होत्या. १९४५ मध्ये संसदेच्या सर्व मतदारांना नगरपालिकेचेही मत मिळाले, व १९४९ पासून निवडणुका नोव्हेंबरऐवजी मे महिन्यात होऊ लागल्या. १९१९ मध्ये मिळालेले बहुमत मजूर पक्षाने अखेरपर्यंत गमावले नाही. १९६३ च्या कायद्यानुसार पॉप्लर, स्टेपनी व बेथनल ग्रीन एकत्र होऊन टॉवर हॅम्लेट्स हा नवा बरो बनला. त्याची पहिली निवडणूक मे १९६४ मध्ये झाली आणि १ एप्रिल १९६५ रोजी पॉप्लर नगरपालिका विसर्जित झाली.