यहूदाची बाजू

१२ ऑक्टोबर १९७१. मॅनहॅटनमधल्या ५१व्या रस्त्यावर, मार्क हेलिंजर थिएटरपाशी तुम्ही टॅक्सीतून उतरता. दारापर्यंत पोहोचणं सोपं नाही, कारण फुटपाथवर फलक घेऊन निदर्शक उभे आहेत. या नाटकानं येशूचं देवपण काढून घेतलं, असं त्यांचं म्हणणं. ज्यू संघटनांचा आक्षेप वेगळाच: येशूच्या मृत्यूचं खापर पुन्हा आमच्या माथी का?

आज ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’चा शुभारंभाचा प्रयोग. तरी रांगेतली पोरं त्यातली गाणी आत्ताच गुणगुणतायत. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर २३ वर्षांचा, गीतकार टिम राइस २६चा. या विषयावर पैसा लावायला कुणी निर्माता तयार होईना, म्हणून दोघांनी १९७०मध्ये आधी ध्वनिमुद्रिका काढली. ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि मग ब्रॉडवेची दारं उघडली.

आत या. डोक्यावर सोनेरी नक्षीचं छत आहे. (हीच वास्तू पुढे एक चर्च विकत घेणार आहे, आणि इथे चक्क उपासना भरणार आहे. बाहेरच्या निदर्शकांना आत्ता सांगून पाहा!) अंधार होतो, इलेक्ट्रिक गिटार कडाडते आणि पहिलं गाणं मिळतं ते यहूदाला. बेन व्हेरीन गातोय. लोक तुला देव समजायला लागलेत, रोमन आपल्याला चिरडून टाकतील, हा त्याचा घोर. दगाबाज म्हणून दोन हजार वर्षं शिव्या खाल्लेला हा माणूस पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला पटायला लागतो. खरी खोडी इथेच आहे.

दिग्दर्शक टॉम ओहॉर्गननं भपका मात्र अतोनात केलाय. खुद्द लॉइड वेबरला तो रुचला नाही आणि तुम्हालाही येशूच्या त्या झगमगत्या झग्यापुढे येशू दिसेनासा होईल. डोळे मिटा, कान उघडे ठेवा. मंदिरातल्या व्यापाऱ्यांचा गलका सात मात्रांत बांधलाय. रूपक तालात मुरलेला तुमचा हात आपोआप मांडीवर पडेल. मग्दालिया मरीया येशूची समजूत घालते ती पाच मात्रांत.

मग येशूला फटके. रोमन सुभेदार पिलात स्वतः मोजतो. एक, दोन, तीन... खालून गिटारचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा, दर आवर्तनाला जास्त चढलेला. मोजणाऱ्याचाच आवाज फाटत जातो. एकोणचाळिसावर थांबेपर्यंत प्रेक्षागृहात कुणी खोकतसुद्धा नाही.

शेवटी क्रूस, आणि त्यानंतर शब्दांवाचून फक्त वाद्यं. त्या तुकड्याचं नाव योहानाच्या शुभवर्तमानातल्या १९व्या अध्यायातल्या ४१व्या ओवीचं. तिथे बाग आहे, नवी कबर आहे, बस्स. पुनरुत्थान नाही. भाविकाला पुनरुत्थानाची रविवारची पहाट ठाऊकच असते, ती तो मनातल्या मनात जोडून घेतो. ज्याची श्रद्धा नाही तो क्रूसाच्या शुक्रवारीच थांबतो. नाटक दोघांशीही हुज्जत घालत नाही. माझ्या मते, हे इतकी वर्षं टिकलं ते त्यामुळे.

निघण्यापूर्वी कोरसमधल्या टेड नीलीला नीट बघून ठेवा. १९७३च्या चित्रपटात येशू तोच होणार आहे आणि साठी उलटल्यावरही दौऱ्यांत येशूच रंगवणार आहे. ब्रॉडवेवर ७११ प्रयोग होतील, लंडनमध्ये ३,३५८. १९७४मध्ये दिग्दर्शक अलिक पदमसी ते मुंबईत उभं करतील आणि यहूदा असेल आपला गायक नंदू भेंडे, रंगकर्मी आत्माराम भेंड्यांचा मुलगा. २०२५मध्ये हॉलिवूड बोलच्या मंचावर येशूची भूमिका सिंथिया एरिव्हो ही गायिका करेल.

एवढं सगळं बघणं जमणार नसेल, तर १९७०ची ती मूळ ध्वनिमुद्रिका ऐका. डीप पर्पलचा इयन गिलन येशू आहे, मरी हेड यहूदा. नंतरच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा मला ती सरस वाटते.