खवल्यांची साक्ष

दिल्लीच्या रामकृष्णपुरम या सरकारी नोकरांच्या वसाहतीत वाणसामानाच्या कोणत्याही दुकानी पाकिटावरील हिरवे चिन्ह पाहून माल घेणारे गिऱ्हाईक सहज आढळते. शाकाहारी पदार्थावर हे चिन्ह छापण्याची सक्ती 2001 मध्ये झाली. त्याच फळीवरील काही पाकिटांवर, बारकाईने पाहिल्यास, वर्तुळात कोंडलेले रोमन लिपीतील ‘यू’ हे अक्षरही दिसते. आतील पदार्थ यहुदी धर्मनियमांना धरून, म्हणजे ‘कोशेर’, आहे अशी ती ग्वाही होय. दोन्ही चिन्हांचा अर्थ मात्र एक नव्हे. वस्तू शाकाहारी असली तरी तिच्यातील द्राक्षांचा शिरका कोणी केला आणि ती ज्या भांड्यात शिजली त्यात पूर्वी काय शिजले होते, हेही कोशेर नियम विचारतात.

या नियमांचे मूळ बायबलच्या जुन्या करारात आहे. रवंथ करणारी व दुभंगलेल्या खुरांची जनावरे तेवढी भक्ष्य. जलचरांपैकी ज्यांना पर आणि खवले दोन्ही आहेत तेवढेच भक्ष्य. रक्त सर्वथा वर्ज्य. आणि मांस व दूध यांचा संयोग निषिद्ध. नियम थोडे, पण त्यांचे पालन करणाऱ्यास रोजच्या घासागणिक एकच प्रश्न पडतो: जे डोळ्यांसमोर झाले नाही, त्याविषयी विश्वास कोणावर ठेवावा?

या प्रश्नाशी मराठी भाषेचा संबंध फार जुना आहे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. त्यांचे वंशज कोकणातील गावोगावी पसरले, तेलाचा घाणा चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि गावांवरून किहीमकर, दिवेकर, झिराडकर अशी आडनावे लावू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्यापाशी धर्मग्रंथ उरले नव्हते, धर्मपंडितही नव्हते. उरली होती ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, शनिवारचा विसावा आणि स्वयंपाकघराची शिस्त. मांसाच्या रश्शात दुधादह्याऐवजी नारळाचे दूध घालावे, ही कोकणच्या मातीने त्या शिस्तीला दिलेली सोय होती.

अशा या समाजाची ओळख पटली तीही स्वयंपाकघरातच. दाविद राहबी नावाचा एक यहुदी गृहस्थ कोकणात आला व त्याला हे लोक आपलेच असावेत असा संशय आला, अशी कथा आहे. हा राहबी म्हणजे कोचीनचे दाविद यहेज्केल राहबी (1694–1772) होत, असे काही इतिहासकार मानतात, तर काही त्याचा काळ बराच मागे नेतात. कथा सांगते, की त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले व रांधावयास सांगितले. बायकांनी खवल्यांचे मासे घेतले आणि बिनखवल्यांचे बाजूला सारले. राहबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील माणसांना धर्मशिक्षण देऊन ‘काजी’ नेमले. पुढे 1796 मध्ये सामुएल यहेज्केल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले.

कथेचा तपशील कसाही असो. तिच्यातील प्रमाणाची कल्पना मोलाची आहे. राहबीने दाखला मागितला नाही, आचरण पाहिले. गावात हे शक्य होते, कारण मासळी निवडणारी, रांधणारी आणि जेवणारी माणसे एकाच घरातली होती.

महानगरात हा धागा तुटतो. न्यूयॉर्कच्या काही यहुदी मंडळींनी 1888 मध्ये व्हिल्नाहून रब्बी याकोब योसेफ यांना प्रमुख धर्मगुरू म्हणून बोलावले. कोशेर कोंबडीवर शिशाचा शिक्का लावावा व त्यापोटी प्रत्येकी एक सेंट घ्यावा, अशी त्यांच्या अमदानीत योजना झाली. गोरगरीब गृहिणींना त्यात रशियातील मांसावरच्या जुन्या कराची आठवण झाली, खाटिकांनी विरोध केला आणि योजना कोसळली. शिक्का होता, शिक्का मारणारा विद्वानही होता. पण लोकांनी त्याला मानले नाही.

अटलांटाचे रब्बी टोबियास गेफेन यांची हकीकत याहून वेगळी आहे. कोका कोला हे पेय कोशेर आहे काय, असा प्रश्न त्यांच्याकडे वारंवार येई. कंपनीने गुप्ततेच्या अटीवर त्यांना घटकांची यादी दाखविली. तीत जनावरांच्या चरबीपासून काढलेले ग्लिसरीन आढळले. प्रमाण अत्यल्प होते. तरी जे जाणूनबुजून घातले जाते ते अल्प म्हणून क्षम्य ठरत नाही, असा त्यांनी निर्णय दिला. कंपनीने वनस्पतिजन्य ग्लिसरीन वापरण्याचे मान्य केले, आणि 1935 मध्ये त्यांनी संमती दिली. गुपित राखूनही ग्राहकाला खरे सांगता येते, हे त्यांनी दाखवून दिले. डबाबंद मालासाठी ‘यू’चे चिन्ह चालविणाऱ्या अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स युनियनचे काम 1920 च्या दशकात सुरू झाले होते. तपासनीसाने कारखान्यात जावे, कच्च्या मालाचा उगम पाहावा, यंत्रे कशी धुतली जातात ते पाहावे आणि चूक आढळल्यास चिन्ह काढून घ्यावे, यावर अशा चिन्हाची पत उभी असते. तपासणीचा खर्च कारखानदारच देतो. म्हणूनच काढून घेण्याचा अधिकार कागदावर असून भागत नाही, तो वापरला गेला पाहिजे.

परंतु दाखल्याच्या या युगाने बेने इस्रायलांना एक कडू घोटही पाजला. 1948 नंतर त्यांतील बहुसंख्य लोक हळूहळू इस्रायलला गेले. तेथील प्रमुख रब्बी-मंडळाने 1962 मध्ये असा आदेश काढला, की या समाजातील व्यक्तीचा विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथावाचून, गुरूवाचून शतकानुशतके शनिवार पाळला आणि बिनखवल्यांचा मासा ताटात येऊ दिला नाही, त्यांच्याकडे वंशाचा दाखला मागितला गेला. समाजाने जेरुसलेममध्ये निदर्शने केली. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने हे लोक सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे असल्याचे घोषित केले, आणि रब्बी-मंडळाला आदेशातून त्यांचे नाव वगळावे लागले.

कारखान्यातला माल दूरवर जातो, तेव्हा शिक्का अपरिहार्य असतो. त्याचा तिरस्कार करण्यात अर्थ नाही. पण शिक्का ही साक्ष आहे, सत्य नव्हे, आणि साक्ष साक्षीदाराइतकीच खरी असते. गेफेन यांनी वस्तू तपासली, राहबीने आचरण तपासले. दोघांनीही निकाल देण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. 1962 च्या आदेशाने वंशावळ मागितली, आणि कोकणातल्या त्या स्वयंपाकघराकडे पाहिलेच नाही.